आजीचे स्मरण कसे करावे?

पाठ : रूथ १:१९-२२ व ४:१३-१७, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, तीमथ्यास दुसरे पत्र १:५.

आजच्या धड्याचा आरंभ एका चुकीपासून करावयाचा आहे. आणि ती चूक दुसऱ्या कोणाची नसून आमचीच आहे.

२०२२ सालच्या पावसाळ्यात आमची आजी वारली. अहमदनगर जिल्ह्यातील (या जिल्ह्यास आता अहिल्यानगर म्हणतात) एका लहान गावी तिचा सारा संसार झाला. ती मोठी माणूसवेल्हाळ बाई होती. तिच्या ओट्यावरून कोणी न बोलता पुढे गेला असे सहसा होत नसे. बाजारास जाणाऱ्यास ती थांबवी, बाजारातून येणाऱ्याची पिशवी उघडून पाही, आणि नव्या सुनेस माहेरचे गाव विचारून त्या गावातील दोन माणसांची नावे आपणच सांगे. चहाच्या आधणात तिचा एक पेला नेहमी जास्तीचा असे. कोणी ना कोणी येणारच, हा तिचा भरवसा. तिच्या मातीस सर्व आळ्यांतील माणसे आली होती.

तिसऱ्या दिवशी स्मरणसभा झाली. आम्ही पाळक आणि तिचे नातू, तेव्हा बोलण्याचे काम आमच्याकडेच आले. आम्ही अर्धा तास बोललो. ती प्रेमळ होती, सहनशील होती, तिने जन्मात कोणाचे मन दुखविले नाही, असे आम्ही सांगितले. लोकांनी डोळे पुसले. आम्हांसही आपले भाषण बरे वाटले.

सभा उठल्यावर आमची धाकटी आजी, म्हणजे आजीची जाऊ, काठी टेकीत आमच्याजवळ आली व म्हणाली, “लेकरा, बोललास चांगलं. पन ती कोन होती ते काई सांगितलं न्हाईस. तिनं कधी कुनाचं मन दुखवलं न्हाई म्हनलास. मंग मी कोन?”

आम्हांस उत्तर सुचले नाही.

उपदेशक बंधूंनो, हा प्रसंग तुम्हांवरही येतो. गावात कोणी वृद्ध बाई निवर्तते, आणि चार शब्द बोलण्यास तुम्हांस उभे करितात. हाताशी वेळ थोडा असतो, आणि घरचे लोक दुःखात असतात. मग आपण तेच ठरलेले शब्द काढितो, जे मागच्या महिन्यात दुसऱ्या बाईविषयी काढिले होते. अशा रीतीने ज्या बाईस सारे गाव ओळखीत होते, ती आपल्या भाषणात कोणासही ओळखू येत नाही. हे कसे टाळावे, याचा आज आपण चार भागांत विचार करू.

पहिला भाग : तिचे वय

दीर्घायुष्य हे देवाचे देणे आहे, तर ते किती होते हे नीट सांगावे. आमच्या आजीच्या बाबतीत घरात तीन आकडे निघाले. आधारकार्डावर १ जानेवारी १९३७ ही तारीख होती, म्हणजे वय ८५. आमचे चुलते म्हणाले, नव्वद. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, शंभर लिहा, शोभून दिसेल.

कार्डावरील १ जानेवारीने फसू नये. ज्यास जन्मतारीख ठाऊक नसते, त्याने केवळ वय सांगितले तर वर्षाचा पहिला दिवसच लिहिला जातो. आपल्याकडील शाळांत पूर्वी मास्तर १ जून लिहून घेत, तशातलाच हा प्रकार. जनगणनेच्या लोकांसही हा अनुभव आहे. अंदाजाने सांगितलेली वये शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबतात, आणि म्हातारपणी तर ती पुढेच सरकतात.

यावर उपाय असा, की साल विचारू नये, गोष्ट विचारावी. आपल्या मुलखातील वृद्धांजवळ खुणेची वर्षे असतात. गांधीजी गेले ते १९४८ च्या जानेवारीत. कोयनेचा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ रोजी. मोठा दुष्काळ १९७२ चा. लाल मिलो आणि सुकडी खाल्ल्याचे ते साल. किल्लारीची जमीन हादरली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. तेव्हा तुम्ही कोठे होता, लग्न झाले होते काय, कडेवर कोणते मूल होते, एवढे विचारले की हिशेब आपोआप लागतो. आजी नेहमी सांगे की, गांधीबाबा गेले त्याच उन्हाळ्यात आपले लग्न झाले, आणि लुगडे नेसावयास लागून तेव्हा वर्षच झाले होते. म्हणजे वय पंधरा-सोळा. मंडळीच्या वहीत तिच्या वडील मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद १९५१ ची मिळाली. तीही याशी जुळली. म्हणून दगडावर आम्ही ‘सुमारे ९० वर्षे’ असे लिहविले. शंभर शोभले असते. परंतु नव्वद खरे होते.

दुसरा भाग : तिचा शेजार

पवित्र शास्त्रात आजीबाईंची चरित्रे थोडी आहेत. नव्या करारात आजी हा शब्द एकदाच येतो, आणि तो तीमथ्याची आजी लोईस हिच्याविषयी. तिच्याबद्दल आपल्यास तिचे नाव, तिच्या कन्येचे नाव व तिचा विश्वास, एवढेच कळते. ती बोलकी होती की अबोल, हे सांगण्यास लुस्त्रातील कोणी शेजारीण उरली नाही.

नामीचे तसे नाही. रूथचे पुस्तक वाचताना आपले लक्ष रूथकडे असते, म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटते. नामी बेथलेहेमास परत येते तेव्हा गावच्या बायका जमून, ही तीच काय, असे विचारितात. आणि शेवटी तिच्या मांडीवर मूल येते तेव्हाही शेजारणीच बोलतात, आणि मुलाचे नाव ओबेद असे त्याच ठेवितात. मुलाचे नाव शेजारणींनी ठेवावे, हे विशेष आहे. यावरून ही बाई गावात कशी मिसळलेली होती ते दिसते. तिच्या आयुष्याचा आरंभ व शेवट यांच्या साक्षी घरचे लोक नव्हते. पती व पुत्र तर मवाबातच मातीआड झाले होते. साक्ष होती ती शेजारणींची.

यापोतील दुर्कस हिची गोष्टही अशीच आहे. पेत्र लोदाहून आला तेव्हा माडीवर विधवा रडत उभ्या होत्या. त्यांनी भाषण केले नाही. दुर्कसने शिवून दिलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी पेत्रास दाखविली. बंधूंनो, याहून चांगले मृत्युवृत्त आम्ही वाचिले नाही. ती दयाळू होती, असे म्हणण्याऐवजी त्यांनी तिच्या हातचा टाका पुढे केला.

तेव्हा स्मरणसभेपूर्वी केवळ मुलांना व नातवांना विचारून थांबू नये. मुलांनी तिला आई म्हणूनच पाहिलेले असते. विहिरीवर तिच्याबरोबर कोण असे, खुरपणीस तिच्या पातीशेजारी कोणाची पात असे, जात्यावर तिच्यासमोर कोण बसे, हे विचारावे. जात्यावर दोघी बायका समोरासमोर बसून दळीत आणि मनातील सुखदुःख ओव्यांत सांगत. घरात जे बोलता येत नसे ते तेथे गाता येई. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि ती बैठक मोडली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या साथीदारांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या बायकांच्या तोंडून उतरून घेतल्या. त्यांनी एवढा खटाटोप केला, तर आपण आपल्या मंडळीतील एका आजीसाठी दोन घरे हिंडावयास काय हरकत आहे?

आम्ही हे काम सभेपूर्वी करावयाचे ते सभेनंतर केले. जेथे गेलो तेथे आजीचे काही तरी निघाले. एकीने वाकळ दाखविली. तिच्या एका कोपऱ्यास आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ होता. एका दुकानदाराने सांगितले की, ती उधारीवर साखर नेई, आणि ती साखर तिसऱ्याच घरी जाई. पोस्टमनचे काम केलेले एक गृहस्थ म्हणाले की, मुंबईहून आलेली पत्रे ज्यांस वाचता येत नसत, त्यांच्यासाठी ती शाळेतल्या पोरास पकडून आणी व पत्र वाचून होईपर्यंत त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवी. तिला स्वतःला अक्षर येत नव्हते. यांतील एकही गोष्ट आमच्या अर्ध्या तासात नव्हती.

तिसरा भाग : तिचा खरेपणा

आता धाकट्या आजीच्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी जाऊन बसलो. तिने जे सांगितले ते तिच्याच परवानगीने येथे लिहीत आहो.

१९७२ चा पाऊस गेला तेव्हा गावातील बहुतेक घरे दुष्काळी कामावर गेली. त्या वेळी रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणे अशी कामे सरकारने जागोजाग काढिली होती. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. आजी आणि तिची जाऊ एकाच ढिगावर खडी फोडीत. धाकटी तेव्हा पोटुशी होती. तिचा हात मंद चाले. एक महिना असा गेला, आणि मजुरी वाटण्याच्या दिवशी आजीने मुकादमास चारचौघांत सांगितले की, ढिगातला मोठा वाटा आपला आहे. तिच्या घरात पाच तोंडे होती. मुकादमाने तसे लिहिले व पैसे तसे वाटले.

धाकटी काही बोलली नाही. त्या दिवसापासून अकरा वर्षे दोघींचे बोलणे बंद झाले. एकच भिंत, एकच अंगण, रविवारी देवळात एकच सतरंजी. परंतु शब्द नाही. जी बाई रस्त्यावरच्या परक्यास हाक मारी, ती आपल्या जावेस अकरा वर्षे हाक मारू शकली नाही. आम्ही त्या काळात लहान होतो. आम्हांस वाटे, दोन्ही घरांची रीतच अशी आहे.

१९८४ च्या पावसाळ्यात धाकटीची मुलगी पहिल्या बाळंतपणास माहेरी आली. रात्री वेणा सुरू झाल्या, ओढ्यास पाणी होते, गाडी पलीकडे जाईना. धाकटी सांगत होती, “मी दार लोटलं व्हतं. कडी वाजली न्हाई. बघते तर ती चुलीम्होरं बसून पानी तापवत व्हती.” आजी रात्रभर तेथेच बसली. पहाटे मुलगा झाला. क्षमा कोणी मागितली नाही व कोणी दिली नाही. धाकटीने चहा केला, बशीत ओतला आणि आजीपुढे सरकविला. आजीने तो प्याला. मग पदराची गाठ सोडून बाळाच्या मुठीत २१ रुपये ठेविले आणि ती घरी गेली. दुपारी अंगणातून तिची हाक आली, “काय गं, पोर दूध वढतंय का?” तेथून पुढे अडतीस वर्षे दोघी बोलतच राहिल्या.

वाचकहो, आम्ही सभेत काय केले ते आता ध्यानात आले असेल. आजीचा दोष झाकावा म्हणून आम्ही एक वाक्य बोललो, आणि त्या वाक्यासरशी त्या रात्रीचे तिचे येणेही पुसले गेले. जिने कोणाचे मन दुखविले नाही, तिला परतून यावयाचे कारणच काय? आजीने आपल्या आयुष्यात केलेले सर्वांत अवघड काम म्हणजे ते दोन घरांमधले दहा पावलांचे अंगण ओलांडणे. आणि तेच आम्ही तिच्या नावावरून खोडून टाकिले.

शास्त्र असे करीत नाही. नामी गावात शिरताच आपल्यास आता मारा, म्हणजे क्लेशमया, म्हणा असे सांगते, व देवाविषयीची आपली तक्रार लपवीत नाही. लिहिणाऱ्याने ते कडू बोलणे गाळिले असते, तर शेवटी मांडीवरच्या बाळाचा आनंद आपल्यास अर्धाच कळला असता.

आपल्या भाषेतही याचे मोठे उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) या लहानपणी शाळेत गेल्या नव्हत्या. लिहावाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे चार भाग १९३४ पासून निघाले, आणि आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. रेव्हरंड ना. वा. टिळक हे कवी म्हणून सर्वांस पूज्य. तरी त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, नवराबायकोची भांडणे, १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली ताटातूट आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंतची आपली सोवळ्या-ओवळ्याची ओढाताण, हे सर्व बाईंनी हसत, स्वतःलाही न सोडता सांगितले आहे. त्यामुळे टिळकांचा मान कमी झाला काय? उलट ते आपल्यास घरच्यासारखे वाटू लागले.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. खरे बोलावे म्हणजे मृताचे सर्व दोष चव्हाट्यावर मांडावे, असे नव्हे. ज्या गोष्टीत दुसरे जिवंत माणूस आहे, ती त्याच्या परवानगीवाचून बोलू नये. आणि परवानगी नसेल तेथे गप्प राहावे. गप्प राहणे वेगळे, आणि खोटी स्तुती करणे वेगळे.

चौथा भाग : तिचे नाव

शेवटची गोष्ट लहान वाटेल, परंतु आमच्या मते ती लहान नाही. मंडळीच्या वहीत आजीची नोंद ‘अमक्याची पत्नी’ अशी होती; गावात ती ‘अमक्याची आई’ होती; आम्हांस ती आजी होती. लग्नात तिचे नाव बदलले होते, आणि माहेरचे नाव आमच्या वडिलांसही ठाऊक नव्हते. जिने उभ्या गावाची नावे पाठ केली, तिचे स्वतःचे नाव तिच्या मुलांस सांगता येईना!

आम्ही तिच्या माहेरी गेलो. तेथे तिच्याहून लहान अशी एक चुलत बहीण उरली होती. तिने नाव क्षणात सांगितले, आणि मागाहून म्हणाली की, या नावाने तिला हाक मारणारी आता मी एकटीच होते. ते नाव आम्ही येथे छापीत नाही. ते दगडावर, लग्नानंतरच्या नावाच्या वर कोरविले आहे.

तेव्हा उपदेशकांनी एक वही करावी. आपल्या मंडळीत साठीपुढच्या ज्या भगिनी आहेत, त्यांच्याकडे त्या जिवंत असतानाच जाऊन बसावे, आणि माहेरचे नाव, माहेरचे गाव, खुणेच्या वर्षांच्या गोष्टी व जात्यावरील सोबतीण, एवढे लिहून घ्यावे. एका भेटीस एक चहा लागतो. त्याहून अधिक खर्च नाही. हे काम मरणाच्या दिवशी सुरू केले, तर आमच्यासारखी गत होते.

२०२३ साली वर्षाचे स्मरण झाले, तेव्हा आम्ही पुन्हा उभे राहिलो. या वेळी वाकळेचा काठ, साखरेची उधारी, पत्रे वाचणारी पोरे, हे सांगितले; आणि धाकट्या आजीकडे एकदा पाहून खडीच्या ढिगाची गोष्टही सांगितली. ती पुढच्याच सतरंजीवर बसली होती. बाळाच्या मुठीतील २१ रुपयांपर्यंत आम्ही आलो, तोच ती सभेत मोठ्याने म्हणाली, “हिशेबाचे ईसच व्हते. वरचा एक रुपाया बाळाचा.”

सगळी मंडळी हसली. वर्षापूर्वी आमचे भाषण ऐकून लोक रडले होते खरे. पण आजी सभेत आली ती या दिवशी.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या आजीचे माहेरचे नाव तुम्हांस ठाऊक आहे काय? नसल्यास ते सांगणारे कोण उरले आहे?

२. नामीची कडवट तक्रार शास्त्रात का ठेविली असावी?

३. यापोतील विधवांनी वस्त्रे दाखविली. तुमच्या मंडळीतील एखाद्या वृद्ध भगिनीच्या हातची कोणती वस्तू आज कोणाच्या घरी आहे?

४. ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे, असे कोणी तुमच्या अंगणापलीकडे आहे काय? हा प्रश्न वर्गात विचारू नये. प्रत्येकाने घरी जाताना मनात विचारावा.